कोमट पाण्याचा रॉड

“बाबा, तुम्हाला मासेमारीची लय आवड आहे, असं मी त्यांना सांगून बसलेय,” पल्लवी फोनवर म्हणाली, तेव्हा मी चहात बटर बुडवत होतो. बटर गळून कपात पडलं.

“कुणाला सांगितलंस?”

“राजवर्धनच्या पप्पांना.”

राजवर्धन हा पल्लवीच्या पुण्याच्या ऑफिसातला मुलगा. दोघांचं आपापसात ठरलेलं होतं. मुलाच्या आईला पसंत होतं, आणि आमच्या हिनं तर मनातल्या मनात आहेराच्या साड्यासुद्धा निवडून ठेवल्या होत्या. अडलं होतं ते एका माणसावर. सुभेदार मेजर उदयसिंह, फौजेतून निवृत्त, मुक्काम सातारा. ते नाही म्हणत नव्हते आणि हो पण म्हणत नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की माणूस सोफ्यावर पोहे खाताना कळत नाही, माणूस पाण्यावर कळतो. काश्मीरला पोस्टिंग असताना कुणा साहेबानं त्यांना फ्लाय रॉडनं मासे धरायला शिकवलं होतं. तेव्हापासून जगात मासे धरणारे आणि न धरणारे अशा दोनच जाती आहेत असं ते मानत.

“अगं, पण मी जन्मात मासा धरलेला नाही!”

“शिका की बाबा. माझ्यासाठी एवढं पण नाही करणार?”

या वाक्यापुढे कुठलाच बाप टिकत नाही. मी शिकतो म्हणालो.

मी भूगोलाचा मास्तर. सांगलीच्या एका शाळेत पोरांच्या पिढ्यांना पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवला, आणि तो शिकवायला मला पुस्तक उघडावं लागलं नाही, कारण माझं गाव त्या छायेच्या बरोबर मधोमध आहे. कवठे महांकाळच्या बाजूला आमची पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. लहानपणी आम्ही पाणी बघितलं ते टँकरमधलं, आणि टँकरमध्ये मासे नसतात. दवाखान्याच्या कामाला म्हणून गावाकडून बिराप्पाकाका आमच्याकडे आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आरं मल्हारी, आपल्याकडं प्यायला पानी न्हाई, तू मासं कवा धरलंस रं? मेंढरू सुटलं तर तुला धरता येत न्हाई.” काकांना जेवायला वाढा, असं मी हिला सांगितलं आणि विषय बदलला.

दुसऱ्याच दिवशी खुद्द सुभेदारसाहेबांचा फोन.

“मल्हारराव, जय हिंद! लय बरं वाटलं ऐकून. आता एक सांगा. माझा रॉड पाच नंबरचा, थंड पाण्याचा, काश्मीरच्या ट्राउटसाठी घेतलेला. आपल्याकडं पाणी कोमट, आणि मासा दांडगा. मरळ काय, कटला काय! तुम्ही या पाण्याला कुठला रॉड वापरता?”

मी घसा साफ केला. “ते... पाण्यावर असतं.”

“वा! एकदम करेक्ट! पाण्यावरच असतं!” ते इतके खूश झाले की मलाच क्षणभर आपण काहीतरी जाणकार बोललो असं वाटलं. “मग असं करू. दोन आठवड्यांनी रविवारी या. उरमोडी धरणाच्या फुगवट्यावर जाऊ. तुमचा रॉड आणा. तो बघून मी तसलाच घेणार. आणि पोरांचं काय ते तिथंच बोलून टाकू. परवान्याचं तेवढं तुम्ही बघा, तुम्हाला सवय असणार.”

म्हणजे माझ्या पोरीचं लग्न एका रॉडवर येऊन टेकलं होतं, आणि तो रॉड अजून माझ्याकडे नव्हता.

मिरजेला चांदसाहेबांचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. पुढे बॅटी आणि कॅरम, मागे मासे धरायची जाळी. चांदसाहेबांना ‘नाही’ हा शब्द येत नाही. मी म्हणालो, कोमट पाण्यातल्या मासेमारीसाठी फ्लाय रॉड हवाय. त्यांनी डोळे मिटून घेतले. न कळलेल्या गोष्टीवर असे डोळे मिटून घ्यायची पद्धत मला ओळखीची वाटली. वर्गात एखाद्या पोरानं भलता प्रश्न विचारला की मी हेच करायचो.

“हाय की साहेब,” ते डोळे उघडून म्हणाले. “हा बांबू बघा. कोमट काय, उकळत्या पाण्यात घाला. काय होत न्हाई.”

“रॉड पाण्यात घालायचा नाही हो. मासे कोमट पाण्यातले.”

“अरे अल्ला! मग मासा शिजंल की आतल्या आत!”

शेवटी त्यांच्या मुलानं, तौसीफनं, बापाच्या नजरेआड मला मोबाइल दाखवला आणि हळूच म्हणाला, “सर, ऑनलाइन मागवा. फक्त नंबर ठरवा.” आणि इथूनच माझ्या हालांना खरी सुरुवात झाली.

फ्लाय रॉडला नंबर असतात. लहान नंबर म्हणजे नाजूक, मोठा नंबर म्हणजे दणकट. आपल्याकडच्या पाण्याला, वाऱ्याला आणि धटिंगण माशाला आठ नंबर बरा, असं इंटरनेटवर झाडून सगळे सांगत होते. खरं तर विषय संपला होता. पण ते सगळे परदेशातले लोक. ते फक्त माशाचा विचार करतात. त्यांच्यात व्याही नसावेत.

“त्यांचा पाच आणि तुमचा आठ?” ही कणीक मळता मळता थांबली. “मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांपेक्षा तीन नंबर मोठा रॉड मिरवायचा? बरं दिसतं का ते?”

“तिथं बघायला मासेच असणार गं.”

“आणि सुभेदार? त्यांना डोळे नाहीत? चार घ्या.”

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे कृष्णात आले. निवृत्त वायरमन. सोसायटीतल्या कुठल्याही घरातला आवाज जरा चढला की ते वर येतात आणि आल्यावर चहा घेतल्याशिवाय जात नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं आणि मान हलवली. “वहिनी, चार नगं. चार नेला तर म्हणतील, पार्टी पडेल हाय. पोरीच्या बापानं चढूनबी जाऊ न्हाई आणि दबूनबी जाऊ न्हाई.”

“मग पाच घेतो. बरोबरीत.”

“फौजी माणसाशी बरोबरी?” कृष्णात घाबरूनच गेले.

सहा म्हटलं तर तो ना धड मोठा ना धड लहान. सात हिला आवडत नव्हता, का ते तिनं सांगितलं नाही. दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. शेजारीपाजारी जिन्यात मला अडवून “मग, कितवा?” असं विचारायला लागले. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना नद्यांचे उगम आणि संगम शिकवले, त्याला चपलेचा नंबर विचारावा तसं विचारत होते. अखेर हिनंच निकाल दिला. रॉड आठ नंबरचा घ्यायचा, कारण पोरीच्या बापाकडे वस्तू चांगली असली पाहिजे. मात्र मासा सुभेदारांच्यापेक्षा लहान धरायचा, कारण मान त्यांचा. पाण्यात मासे पीटीच्या तासाला उभे राहतात तसे उंचीप्रमाणे रांगेत असतात, अशी तिची समजूत असावी. मी लगेच रॉड मागवला.

रॉड यायच्या दिवशी मी परवान्याच्या मागे होतो. एका कार्यालयात गेलो. कुठलं ते सांगत नाही, मला अजून पेन्शनची कामं आहेत. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, जाळं किती फुटांचं? मी म्हणालो, जाळं नाही, फ्लाय रॉड. त्यांनी कागद उलटासुलटा करून बघितला. त्यात जाळं होतं, होडी होती, साधा गळसुद्धा होता, फ्लाय रॉड नव्हता. मग तलाव कुठला ते विचारलं. सातारा जिल्हा म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. “मग आमच्याकडं येतच नाही. साताऱ्याला जा.” साताऱ्याला फोन केला, तर तिथले गृहस्थ म्हणाले, अर्जदार सांगलीचा असेल तर आधी सांगलीचं पत्र लागेल. मी पुन्हा बाईंकडे गेलो. त्या डबा खात होत्या. त्यांनी मला बटाट्याची भाजी विचारली आणि पत्र नाही दिलं. नंतर कळलं की त्या फुगवट्यावर गळ टाकून बसणाऱ्याला कोणी काही विचारतच नाही. पण हे कळेपर्यंत संध्याकाळ झाली होती आणि घरी जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पार्सल आलं होतं. फ्लाय रॉड चार तुकड्यांत येतो. प्रवासात सोपा जावा म्हणून तो तसाच करतात, आणि पाण्यावर गेलं की एकात एक बसवतात. हे मला माहीत होतं, कारण मी वाचलं होतं. हिला माहीत नव्हतं. तिनं डबा उघडला, चार तुकडे बघितले आणि खिडकीतून हाक मारली, “कृष्णातभावजी! अहो, तुटून आलाय!”

परत पाठवला तर रविवारपर्यंत दुसरा यायचा नाही. पोरीच्या लग्नाचा सवाल. कृष्णात देवासारखे धावून आले. गळक्या पाइपला लावायचा मसाला त्यांनी घरून आणला, कालवला, चारही तुकडे एकमेकांत ठोकून बसवले, सांध्यांना मसाला थापला, वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि रॉड पंख्याखाली वाळत घातला. मी घरात शिरलो तर दोघं माझ्याकडे अभिमानानं बघत होती.

“मास्तर, आता जन्मात हलायचा न्हाई,” कृष्णात म्हणाले.

ते शब्दशः खरं होतं. मी ओढून बघितला, पिळून बघितला, शेवटी पायात धरून उपसून बघितला. नऊ फुटांचा अखंड रॉड. हे असलं बघून माणसानं रागवावं की रडावं? पण हिचे हात मसाल्यानं पांढरे झाले होते आणि नखातसुद्धा तो भरला होता. मी एवढंच म्हणालो, छान झालाय.

जिन्याच्या वळणावर तो वळेना. बाल्कनीतून दोरीनं वर ओढून गच्चीवर नेला, कारण सराव तर करायला हवा होता. फ्लाय रॉडची गंमत अशी की त्याच्या दोऱ्याला वजन लावत नाहीत. पुढे गळाला पिसांची खोटी माशी असते, आणि दोरा डोक्यावरून मागे-पुढे झुलवत ती लांब फेकायची. मोबाइलमधला गोरा माणूस ते इतकं सहज करत होता की मीही तसंच केलं. दोरा मागे गेला. पुढे काही आला नाही.

मागे, टाकीच्या पलीकडे, वरच्या मजल्यावरच्या धोंडुबाईंनी धोतरावर कुरडया वाळत घातल्या होत्या. गळ धोतरात अडकला होता. मी जोर लावला. धोतर आलं आणि धोतराबरोबर त्या घरची वर्षभराची बेगमी गच्चीभर पसरली.

“मास्तर!” धोंडुबाई जिन्यातूनच ओरडत आल्या. “आवं, मासं पाण्यात असत्यात! कुरडया काय पाण्यात पवतात व्हय? शिकल्या-सवरल्या माणसाला एवढं कळंना?” संध्याकाळी आमच्या हिनं अर्ध्या कुरडया नव्यानं घालून दिल्या, आणि तोवर माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. त्यानंतर मी सराव केला नाही.

रविवारी पहाटे निघालो. गाडी लहान, रॉड मोठा. बुडखा पुढच्या काचेला टेकवला आणि शेंडा मागच्या खिडकीतून बाहेर काढला. लोखंडी सळया नेताना बांधतात तसं कृष्णातांनी शेंड्याला तांबडं फडकं बांधलं. पेठ नाक्याच्या पुढं एका हवालदारानं हात केला.

“काय हाय हे?”

“मासे धरायचा रॉड.”

त्यानं आत वाकून बघितलं. “मासं कुठायत?”

“अजून धरायचेत.”

“मग धरून झाल्यावर न्यायचा न्हाई का?” असं म्हणून त्यानं स्वतःच विचार केला, काहीतरी चुकतंय असं त्याला वाटलं असावं, आणि मला जाऊ दिलं. मी कराडपर्यंत त्या वाक्यावर विचार करत होतो.

उदयसिंह पाण्याजवळ वाट बघत उभे होते. उंच, सरळ, पांढऱ्या मिश्या, टोपीला चार-पाच खोट्या माश्या टोचलेल्या. मला बघून त्यांनी सॅल्यूट ठोकला. मी नमस्कार केला. मग दोघांनी मिळून गाडीतून रॉड काढला, त्यात बराच वेळ गेला. त्यांनी तो बुडख्यापासून शेंड्यापर्यंत न्याहाळला. प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवलं. पोरीचं काय होणार ते त्या बोटावर होतं.

“हं,” ते म्हणाले. “मजबूत आहे.”

आम्ही पाण्यात पाय टाकून उभे राहिलो. त्यांनी दोरा फेकला. काय फेकला! मी बघतच राहिलो. नंतर मी फेकला, आणि माझा गळ माझ्याच शर्टाच्या कॉलरला लागला. तो सोडवून पुन्हा फेकला, तो बाभळीत. मुलाकडचे बघतायत या विचारानं माझे कान तापले. पण सुभेदार समोरच्या डोंगराकडे बघत होते, इतके एकटक, की त्यांना मान वळवायची नाही हे कळत होतं. तिसऱ्या खेपेला दोरा सगळा गोळा होऊन माझ्या पायाशी शेवाळात पडला. मी तो तसाच राहू दिला. झाली तेवढी शोभा पुरे.

आणि ते शेवाळ उडालं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. रॉड वाकला, हातातून निसटायला लागला, दोरा गुंडाळलेलं रीळ किंचाळलं.

“सुभेदारसाहेब! काहीतरी झालंय!”

“मरळ! मल्हारराव, मरळ लागलीय! शेंडा वर! वर!”

मासा एकदा वर आला. मांडीएवढा जाड, काळा, आणि तोंड असं की मी घाबरून एक पाऊल मागे सरलो. मग मला आठवलं. सुभेदारांना सकाळपासून एक बोटभर मासा लागलेला नव्हता. मुलीचा बाप पहिल्याच दिवशी एवढा मोठा मासा ओढतो आणि मुलाचा बाप रिकाम्या हातानं बघत उभा, हे शोभतं का?

“साहेब, तुम्ही घ्या!” मी रॉड त्यांच्याकडे केला.

“छे! मासा तुमचा!”

“नाही, नाही. मान तुमचा. मुलाकडचे तुम्ही!” मी रॉड त्यांच्या हातात कोंबला.

“अहो, पाहुणे तुम्ही!” त्यांनी तो परत दिला. “पाहुण्याचा मासा यजमानानं ओढायचा? आमच्यात नाही चालत!”

“आमच्यात पण नाही चालत!”

असा तो रॉड चार-पाचदा इकडून तिकडे गेला. मासा बिचारा वाट बघत होता म्हणा ना. सुभेदारांचा आवाज चढला, “व्याहीबुवा, हट्ट करू नका, धरा!” मी म्हणालो, “तुमच्या पाया पडतो, पण तुम्हीच धरा,” आणि मी हात जोडले. मी हात जोडलेले बघून त्यांनीही भरकन हात जोडले.

रॉड कुणाच्याच हातात नव्हता.

तो बाणासारखा गेला. पाण्यावर रेघ उमटली. तलावाच्या मध्यावर शेंड्याचं तांबडं फडकं एकदा वर आलं आणि बुडालं. आम्ही दोघं गुडघाभर पाण्यात हात जोडून तसेच उभे होतो. नंतर काठावर येऊन बसलो. बराच वेळ मी माझ्या ओल्या चपलांकडे बघत होतो. मला एकदम सगळ्याचा वीट आला. खोटं घेऊन आलो, खोटं घेऊन इथं बसलो आणि पोरीचा संसार असल्या पायावर उभा करायला निघालो.

“सुभेदारसाहेब, एक सांगतो. मी मासे धरत नाही. कधीच धरले नाहीत. आमच्या गावाला पाणीच नव्हतं. पोरगी बोलून गेली आणि मी तिचा शब्द राखायला आलो. तुम्हाला जे बोलायचं ते मला बोला, तिला काही म्हणू नका. ती लय गुणाची आहे.”

ते मिशीवरून हात फिरवत राहिले. “सांध्यांना मसाला लावलेला बघितला तेव्हाच कळलं मला. फ्लाय रॉड कुणी चिकटवतं का?”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“काय बोलू? एक माणूस पोरीच्या एका शब्दावर नऊ फुटांची काठी गाडीच्या खिडकीतून काढून सांगलीवरनं येतो. मला पोरगी नाही, मल्हारराव. एकच पोरगा. पोरगी असती तर तिच्यासाठी मी काय काय केलं असतं, ते बघत होतो सकाळपासून.”

मी पाण्याकडे बघितलं. मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

“मग... पोरांचं काय ते...”

“आता परत काय विचारता?” ते वैतागले. “मघाशी ओरडून काय म्हणालो मी तुम्हाला? अख्ख्या तलावानं ऐकलं. फौजी माणूस हाक मारून परत घेत नसतो.”

मासा, मान आणि आठ नंबरच्या धांदलीत मी तो शब्द ऐकलाच नव्हता. आत्ता ऐकला. आमच्याकडे लग्न ठरल्याशिवाय तो शब्द कुणी तोंडात घेत नाही.

मी लगेच घरी फोन लावला. हिनं पहिल्याच घंटेला उचलला. फोन हातातच धरून बसली असणार. “काय म्हणाले? मासा मोठा नाही ना धरलात?”

मी फोन तसाच लांब धरला आणि वळून मोठ्यानं हाक मारली, “व्याहीबुवा!”

“ओ!” उदयसिंह म्हणाले, आणि ते तिनं ऐकलं.